संगणकाची घडी नीट, तर नोंद बिनचूक
वर्धा जिल्ह्यातील भूमिअभिलेखांच्या निमित्ताने जुन्या कार्यप्रणालीचा परिचय

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले की सेवाग्राम आणि पवनार ही दोन स्थाने प्रथम डोळ्यांपुढे उभी राहतात. १९३६ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास गेले आणि पुढे तेच खेडे सेवाग्राम या नावाने सर्वपरिचित झाले. १९३८ मध्ये वर्धा येथे मगन संग्रहालयाची स्थापना झाली व ग्रामोद्योगाची अवजारे तेथे एकत्र मांडण्यात आली. परंतु याच जिल्ह्याच्या नावावर आणखी एका उपक्रमाची नोंद आहे आणि ती पुष्कळांना ठाऊक नसते. १९८८-८९ मध्ये केंद्र शासनाने भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची योजना प्रायोगिक स्वरूपात हाती घेतली, तेव्हा देशातील केवळ आठ जिल्हे त्यासाठी निवडण्यात आले. तत्कालीन आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी, आसाममधील सोनितपूर, तत्कालीन बिहारमधील सिंगभूम, गुजरातमधील गांधीनगर, मध्य प्रदेशातील मोरेना, ओरिसातील मयूरभंज, राजस्थानातील डुंगरपूर आणि महाराष्ट्रातील वर्धा हे ते आठ जिल्हे होत. या प्रयोगाचा संपूर्ण खर्च केंद्र शासनाने उचलला होता.

निवड झालेला हा जिल्हा आकाराने मोठा नाही. वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट व समुद्रपूर असे त्याचे आठ तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १३ लाखांच्या घरात आहे. कापूस, तूर, सोयाबीन यांवर जगणाऱ्या या जिल्ह्यात जमिनीचा कागद म्हणजे शेतकऱ्याच्या संसाराचा आधार होय. पीककर्ज घ्यावयाचे असो, वारसाची नोंद करावयाची असो की बांधाचा तंटा मिटवावयाचा असो, प्रथम मागणी होते ती सातबाऱ्याच्या उताऱ्याची. अशा कागदाची जबाबदारी यंत्राकडे सोपविताना ते यंत्र भरवशाचे असणे किती आवश्यक आहे, हे वेगळे सांगावयास नको.

यंत्र भरवशाचे होते ते केवळ किंमत मोजल्याने नव्हे. त्याची घडी नीट लावावी लागते. ही घडी कशी लावली जात असे, का लावली जात असे आणि आजच्या कार्यालयांना व शाळांना त्यातून काय घेता येईल, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्यात येत आहे.

नोंदीची परंपरा

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यापासून वेगळा करण्यात आला. जुन्या मध्य प्रांतातील मालगुजारी पद्धतीच्या काळात येथील जमिनीची नोंद खसरा, जमाबंदी इत्यादी कागदांतून ठेवली जाई. मालगुजारी संपुष्टात आल्यानंतर आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाल्यानंतर राज्यभर नोंदवह्यांत एकसूत्रता आली. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख होय. जमीन कोणाची, किती व कोणत्या बोजासह, हे त्यावरून कळते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही होय. दोन्ही मिळून झालेला उतारा तोच सातबारा. गाव नमुना सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही व आठ-अ म्हणजे खातेदाराच्या एकूण जमिनीचा गोषवारा.

या नमुन्यांचे स्वरूप पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. यांतील कोणतीही नोंद एकटी नसते. फेरफार मंजूर झाला की सातवर नाव बदलते. सातवर क्षेत्र बदलले की आठ-अचा गोषवारा बदलतो. आणि गावातील सर्व गटांच्या क्षेत्राची बेरीज आकारबंदातील क्षेत्राशी जुळावीच लागते. वहीवर काम करणारा पटवारी हे सर्व संबंध अनुभवाने सांभाळीत असे. संगणकावर हेच संबंध निरनिराळ्या माहितीसंचांत विभागले जातात व ते सर्व संच एकाच वेळी उघडे ठेवून आज्ञावलीला काम करावे लागते. जुन्या कार्यप्रणालीची खरी परीक्षा येथेच होत असे.

डॉस म्हणजे काय

संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारी आज्ञावली यांच्यामध्ये जी व्यवस्था असते तिला कार्यप्रणाली म्हणतात. कार्यालयाचे उदाहरण घ्यावयाचे तर अधिकारी निर्णय घेतो, लिपिक टिपणी लिहितो. परंतु कपाटातील धारिका काढून देणे, परत जागेवर ठेवणे, कोणत्या मेजावर किती कागद मावतील हे पाहणे, ही कामे पाहणारा कोणी तरी असावा लागतो. संगणकात हे काम कार्यप्रणाली करते.

१९८१ मध्ये वैयक्तिक संगणक बाजारात आला त्याच वर्षी त्यासाठीची डॉस ही कार्यप्रणाली आली. १९९० च्या दशकात कार्यालये, शाळा व सहकारी संस्था यांत जे वैयक्तिक संगणक आले त्यांचा फार मोठा भाग डॉसवर चालत असे, आणि माहितीसंच ठेवण्यासाठी डीबेस, फॉक्सबेस, फॉक्सप्रो यांसारख्या आज्ञावल्या वापरल्या जात. १९९४ मध्ये निघालेली ६.२२ ही मायक्रोसॉफ्टच्या डॉसची स्वतंत्रपणे विकली गेलेली अखेरची आवृत्ती ठरली.

डॉसचे वैशिष्ट्य असे की ती आपली घडी स्वतः लावून घेत नसे. संगणक सुरू होताच ती कॉन्फिग.सिस ही धारिका वाची. आपल्याकडे कोणती साधने आहेत व कशासाठी किती जागा राखावयाची, हे तिला या धारिकेवरून समजे. त्यानंतर ऑटोएक्सेक.बॅट ही दुसरी धारिका वाचून तीतील आज्ञा ती क्रमाने पार पाडी. या दोन्ही धारिका साध्या अक्षरांत लिहिलेल्या असत व कोणालाही उघडून वाचता येत. त्यात काहीच लिहिले नाही तरी संगणक सुरू होई. मात्र तो किमान गरजेवर चाले. घोटाळ्याचे मूळ बहुधा येथेच असे.

एकाच वेळी किती वह्या उघडाव्यात

पहिला प्रश्न उघड्या धारिकांचा. कॉन्फिग.सिसमध्ये ‘फाइल्स’ ही ओळ नसेल तर डॉस एका वेळी फक्त आठ धारिका उघडू देत असे, आणि त्यांतीलही काही जागा कळफलक, पडदा व मुद्रक यांसाठी खर्ची पडत.

उदाहरणादाखल एखाद्या गावाच्या सातबाऱ्याचा विचार करू. खातेदार, क्षेत्र, इतर हक्क, पीक व फेरफार असे पाच माहितीसंच मानले आणि प्रत्येकाची एक अनुक्रमणिका धरली, तर दहा धारिका झाल्या. प्रत्यक्ष आज्ञावली व छपाईसाठीची तात्पुरती धारिका धरून ही संख्या बारावर जाते. आठ जागांत हे कसे मावावे? तरीही आज्ञावली सुरू होई, कारण सुरुवातीस दोनतीनच संच उघडले जात. नाव शोधणे, पाहणे ही कामे सुरळीत होत. फेरफार नोंदवून उतारा छापण्याची वेळ आली की सर्व संच एकदम उघडावे लागत आणि तेव्हा पडद्यावर धारिका फार झाल्याची सूचना येऊन काम थांबे. यंत्र सकाळी चालले व दुपारी बिघडले, असा समज होई. वस्तुतः यंत्रात काहीच बिघडलेले नसे. एक ओळ लिहावयाची राहिलेली असे.

‘फाइल्स=४०’ ही ती ओळ. प्रत्येक वाढीव जागेसाठी साठ बाइटांहूनही कमी स्मृती लागत असल्याने चाळीस जागांचा एकूण भार दोनएक किलोबाइटांच्या पुढे जात नसे. एवढ्याशा खर्चात कामाची खात्री मिळे.

‘बफर्स’ ही ओळ याच्या जोडीची. चकतीवरून माहिती आणताना डॉस ती पाचशे बारा बाइटांच्या तुकड्यांत आणते आणि नुकतेच वाचलेले तुकडे स्मृतीत हाताशी ठेवते. हे तुकडे फार थोडे ठेवले तर तेच पान पुनःपुन्हा कपाटातून काढावे लागते. फार अधिक ठेवले तर मेजावर कामाला जागा उरत नाही. वीस ते तीस ही संख्या सर्वसाधारणपणे सोयीची ठरत असे.

सहाशे चाळीस किलोबाइटांचे मेज

दुसरा प्रश्न स्मृतीचा. पहिल्या वैयक्तिक संगणकातील प्रक्रियक एकंदर १,०२४ किलोबाइट स्मृतीचे पत्ते ओळखू शके. त्यांपैकी ६४० किलोबाइट आज्ञावलींसाठी व उरलेले ३८४ किलोबाइट पडदा, जोडकार्डे व यंत्रातील कायम सूचना यांसाठी राखण्यात आले. पुढे प्रक्रियक सुधारले व स्मृती कित्येक पट वाढली. परंतु डॉसच्या आज्ञावली त्याच ६४० किलोबाइटांच्या मर्यादेत राहिल्या. यामुळे चार मेगाबाइट स्मृती असलेला संगणकही ‘स्मृती अपुरी’ असे सांगे आणि वापरणारा चक्रावून जाई. गोदाम मोठे झाले तरी मेज तेवढेच राहिले, असा हा प्रकार होता.

१९९१ मध्ये आलेल्या डॉसच्या ५.० या आवृत्तीने यावर उपाय दिला. हिमेम.सिस हा साहाय्यक बसविला की पहिल्या मेगाबाइटच्या लगत वर असलेला सुमारे ६४ किलोबाइटांचा पट्टा वापरात आणता येई व डॉसचा बराचसा भाग तेथे हलविता येई. त्यामुळे मुख्य मेजावरील चाळीस ते पन्नास किलोबाइट जागा मोकळी होत असे. ८०३८६ किंवा त्यापुढील प्रक्रियक असल्यास ईएमएम३८६ या दुसऱ्या साहाय्यकाच्या मदतीने राखीव क्षेत्रातील रिकाम्या जागाही उपयोगात येत. अशा संगणकाची कॉन्फिग.सिस पुढीलप्रमाणे असे. (प्रत्यक्षात या ओळी रोमन लिपीत टंकित कराव्या लागतात, येथे वाचकांच्या सोयीसाठी त्या देवनागरीत दिल्या आहेत.)

डिव्हाइस=सी:\डॉस\हिमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी
फाइल्स=४०
बफर्स=२०

या ओळींचा क्रम महत्त्वाचा आहे. हिमेम आधी आल्याशिवाय ईएमएम३८६ ला काम करता येत नाही. पाया घालण्यापूर्वी भिंत उभी करता येत नाही, तसेच हे आहे. घडी नीट लागली किंवा कसे, हे ‘मेम /सी’ या आज्ञेने तपासता येई. कोणत्या साहाय्यकाने किती जागा घेतली व मोकळी किती राहिली, याचा तक्ताच ती पडद्यावर मांडी.

देवनागरीची व्यवस्था

तिसरा प्रश्न लिपीचा. सातबारा मराठीत असावयास हवा, आणि डॉस तर मूळची रोमन लिपीची. ही अडचण दूर करण्याच्या कामी भारतीय तंत्रज्ञांनी मोलाची कामगिरी बजावली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुरू झालेले हे काम पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने वाढविले. जिस्ट या नावाचे एक कार्ड संगणकात बसविले की डॉसवरील पुष्कळशा आज्ञावलींत मूळ आज्ञावली न बदलता देवनागरी अक्षरे लिहिता व वाचता येऊ लागली. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे संकेतमान ठरविण्यात येऊन १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. कळफलकाची इनस्क्रिप्ट ही रचना १९८६ मध्येच मान्य झाली होती.

जोडकार्ड आले की घडीकडे आणखी एका दृष्टीने पाहावे लागे. राखीव क्षेत्रातील एखादा पत्ता कार्डाने घेतलेला असेल व तोच ईएमएम३८६ ने रिकामा समजून दुसऱ्याला दिला, तर एका घरात दोन बिऱ्हाडे राहावयास आल्यासारखे होई. अक्षरे विस्कटत किंवा संगणक मध्येच निश्चल होई. यासाठी कार्डाने घेतलेले पत्ते त्याच्या माहितीपुस्तिकेतून पाहून ते वगळण्याची सूचना ईएमएम३८६ च्या ओळीत लिहावी लागत असे. थोडी जागा कमी मिळाली तरी चालेल, परंतु शेतकऱ्याचे नाव विस्कटता कामा नये, हा विचार येथे प्रमाण मानावा लागे.

वीज गेली तर काय

चौथा प्रश्न सर्वांत गंभीर. ग्रामीण भागात वीज अचानक जाणे ही नित्याची बाब होती. वहीवर लिहिताना दिवा गेला तर लिहिलेले तसेच राहते. संगणकाचे तसे नाही.

डॉसमध्ये एखादी धारिका उघडून तीत नवी नोंद भरली की माहिती चकतीच्या मोकळ्या भागात लिहिली जाते. परंतु त्या धारिकेची नवी लांबी मुख्य सूचीत नोंदविली जाते ती धारिका बंद करतेवेळी. डीबेसच्या पद्धतीने ठेवलेल्या माहितीसंचात तर एकूण नोंदी किती, हा आकडाही संचाच्या शिरोभागी वेगळा लिहिलेला असतो. नोंद भरली, पण संच बंद होण्यापूर्वी वीज गेली, तर नोंद चकतीवर असूनही मोजणीत नाही, अशी स्थिती होते. दाखला लिहिला, पण आवक-जावक वहीत चढविला नाही, तर तो जसा कार्यालयाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो, त्याप्रमाणेच हे होय. ‘चेकडिस्क /एफ’ ही आज्ञा असे बेवारस तुकडे गोळा करून देत असे. मात्र ते कोणाचे, हे तिला सांगता येत नसे.

यात भर घालणारी एक सोय डॉसच्या पुढील आवृत्त्यांत आली. स्मार्टड्राइव्ह हा साहाय्यक चकतीवरील माहिती स्मृतीत साठवून कामाचा वेग कितीतरी वाढवी. परंतु लिहावयाची माहितीही तो काही क्षण स्वतःजवळ ठेवून मग सवडीने चकतीवर उतरवी. १९९३ मधील ६.० या आवृत्तीत ही विलंबाने लिहिण्याची पद्धत आपोआप लागू होत असे. पडद्यावर काम संपलेले दिसे, चालक कळ दाबून यंत्र बंद करी आणि अखेरची नोंद चकतीवर पोहोचतच नसे. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ६.२ मध्ये याबाबत अधिक खबरदारी घेण्यात आली व ‘/एक्स’ ही खूण जोडून विलंबाचे लेखन बंद ठेवण्याची सोय झाली. तत्पूर्वी यंत्र बंद करण्याआधी ‘स्मार्टड्राइव्ह /सी’ ही आज्ञा देणे, हाच सुरक्षित मार्ग होता.

वेग आणि विश्वासार्हता यांत निवड करण्याचा प्रसंग येतो तो असा. एस.टी.ने तालुक्याला आलेल्या शेतकऱ्याला उतारा दोन मिनिटे उशिरा मिळाला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. मात्र मंजूर झालेला वारसाचा फेरफार संगणकातून नाहीसा झाला, तर बँकेत त्याचे कर्जप्रकरण अडते व पेरणीचे दिवस टळून जातात. म्हणून जमिनीच्या नोंदी असलेल्या यंत्रावर वेगाला दुसरे स्थान देणे, दोन नोंदींमध्ये संच बंद करून पुन्हा उघडणे आणि वीज गेल्यावरही काही मिनिटे चालू ठेवणारी अखंडित वीजपुरवठ्याची पेटी बसविणे, हे खर्चाचे नव्हे तर कर्तव्याचे भाग ठरतात.

तारीख आणि वर्ष

लहान वाटणारी, परंतु कागदोपत्री महत्त्वाची बाब म्हणजे तारीख. संगणकातील छोटा विद्युतघट संपला की यंत्राला दिनांकाचे स्मरण राहत नाही. डॉसची कालगणना १ जानेवारी १९८० पासून सुरू होते. त्यामुळे अशा यंत्रावर तोच दिनांक उमटे. तसेच अमेरिकी पद्धतीत महिना आधी व दिवस नंतर लिहिला जातो. ४ मे हा दिनांक ५ एप्रिल म्हणून वाचला गेला, तर हरकतीची मुदत मोजताना घोटाळा होणारच. फॉक्सप्रोमध्ये ‘सेट डेट ब्रिटिश’ व ‘सेट सेंच्युरी ऑन’ या दोन आज्ञांनी दिवस आधी व वर्ष चार आकडी येत असे. सन २००० जवळ आले तेव्हा दोन आकडी वर्षांमुळे जगभर जी धावपळ झाली, तिचे मूळ अशाच न लिहिलेल्या ओळींत होते.

बदलाची शिस्त

घडी लावताना पाळावयाचे काही नियम अनुभवातून सिद्ध झाले आहेत. ते जुन्या यंत्रापुरतेच मर्यादित नाहीत.

एक, मूळ धारिकेची प्रत ठेवल्याशिवाय तीत बदल करू नये. दोन, एका वेळी एकच ओळ बदलावी, यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे आणि मगच पुढची ओळ बदलावी. चार ओळी एकदम बदलल्या तर दोष कोणत्या ओळीत आहे, हे कळत नाही. तीन, यंत्र मुळीच सुरू झाले नाही तर परतीचा मार्ग हाताशी असावा. यासाठी सुरू करण्यायोग्य एक फ्लॉपी तयार ठेवीत. डॉस ६ मध्ये एफ५ ही कळ दाबून दोन्ही धारिका वगळता येत, तर एफ८ दाबून प्रत्येक ओळीला संमती देत पुढे जाता येई. चार, केलेला प्रत्येक बदल तारखेनिशी एका वहीत लिहावा. बदली होऊन नवा कर्मचारी आला की त्याला यंत्राची माहिती या वहीतूनच मिळते.

याच्या जोडीला प्रतींची शिस्त. रोजची, आठवड्याची व महिन्याची अशा तीन पिढ्यांच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या म्हणजे कालची प्रत सदोष निघाली तरी गेल्या आठवड्याची हाती राहते. प्रत घेणे एवढ्यावर मात्र काम संपत नाही. ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून खातेदारांची संख्या मोजावी, गटांच्या क्षेत्राची बेरीज करावी आणि ती आकारबंदाशी जुळते का, हे पाहावे. ०.८१ हेक्टरऐवजी ८.१ हेक्टर पडले असेल तर ते या बेरजेत तत्काळ उघड होते. यंत्राच्या चुकीवर वहीच्या जुन्या नियमाने मात करता येते, ती अशी.

आजच्या यंत्रांना लागू

वर्ध्यासह आठ जिल्ह्यांत सुरू झालेला तो प्रयोग पुढे देशभर विस्तारला. २००८ मध्ये तो राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमात सामावून घेण्यात आला. महाराष्ट्रात २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन करून संगणकीकृत सातबारा लोकांपुढे वाचून दाखविण्यात आला व मूळ हस्तलिखिताशी न जुळणाऱ्या नोंदी दुरुस्त करण्यात आल्या. लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचा अधिकार महसूल संहितेच्या कलम १५५ मध्ये आहेच. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद मोबाइलवरून करू लागला. जमिनीच्या नोंदी आता तालुक्यातील एका यंत्राच्या भरवशावर राहिलेल्या नाहीत.

तथापि जुन्या यंत्रांचा प्रश्न संपलेला नाही. शाळांचे संगणक कक्ष, ग्रामपंचायती, पतसंस्था, ग्रंथालये यांत जुन्या कार्यप्रणाली असलेले संगणक आढळतात. विंडोज एक्सपीचा सुरक्षाविषयक आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. आधार संपला म्हणून यंत्र बंद पडत नाही. परंतु नव्याने उघडकीस आलेली छिद्रे यापुढे बुजविली जात नाहीत. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार किंवा लोकांचे दाखले हाताळणे योग्य नव्हे. ज्या यंत्रांत नवी कार्यप्रणाली बसू शकते तेथे ती बसवावी; जेथे बसू शकत नाही तेथे ते यंत्र इंटरनेटपासून अलग करून टंकलेखन, शिक्षण किंवा जुन्या माहितीचे वाचन यांसाठीच ठेवावे.

जुनी हिशेबाची किंवा सभासदांच्या नोंदीची डॉसवरील आज्ञावली चालविण्याची गरज काही संस्थांना पडते. बत्तीस बिटांच्या विंडोज एक्सपी व विंडोज ७ मध्ये अशा आज्ञावलींसाठी कॉन्फिग.एनटी ही धारिका असते व तीतही ‘फाइल्स’ची तीच ओळ आढळते. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर मात्र डॉसच्या आज्ञावली थेट चालत नाहीत. तेथे डॉसबॉक्ससारखी आज्ञावली किंवा स्वतंत्र यंत्रावर फ्रीडॉस ही मुक्त कार्यप्रणाली उपयोगी पडते. हे सर्व माहिती बाहेर काढण्यापुरते योग्य; नवीन नोंदी त्यात भरत राहणे योग्य नाही.

माहिती बाहेर काढतानाही दक्षता हवी. इस्की किंवा विशिष्ट टंकांत लिहिलेला मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करताना मराठीतील ऱ्य, ऱ्ह यांसारखी अक्षरे बिघडण्याचा संभव असतो. वऱ्हाडे या आडनावाचा मनुष्य रूपांतरानंतर भलत्याच नावाने यादीत आला, तर पुढे त्यालाच आपली ओळख पटवीत फिरावे लागते. म्हणून रूपांतरित यादीचे मूळ छापील प्रतीशी वाचन करणे अगत्याचे आहे. एक्सपी यंत्रावर देवनागरी नीट दिसण्यासाठी प्रादेशिक मांडणीच्या विभागात जटिल लिप्यांची सोय मुद्दाम बसवावी लागते, हेही लक्षात ठेवावे.

शिक्षकांना या विषयात एक वेगळीच संधी आहे. आजचा मोबाइल आपली अंतर्रचना दाखवीत नाही. डॉसवर मात्र पाच ओळींची एक धारिका बदलली की स्मृती किती वाढली, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहू शकतो. टाकून दिलेला एखादा जुना संगणक व फ्रीडॉस यांच्या साहाय्याने हा पाठ कोणत्याही शाळेत घेता येईल.

हातातील साधन कसे घडले आहे, हे वापरणाऱ्याला कळले पाहिजे, ही दृष्टी वर्धा जिल्ह्याला नवी नाही. टकळी वाकडी असली की सूत तुटते, हे सूत कातणाऱ्याला सांगावे लागत नाही. संगणकाचेही तसेच आहे. पंचायतीच्या मेजावरील यंत्राची घडी कोणी, केव्हा व कशी लावली, त्याची प्रत कोठे आहे आणि ती शेवटची केव्हा तपासली, या प्रश्नांची उत्तरे ग्रामसभेत कोणी विचारली तर ती देता आली पाहिजेत. कारण त्या यंत्रात साठविलेल्या नावांमागे माणसे आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांनी ते यंत्र कधी उघडून पाहिलेले नाही. त्यांचा विश्वास यंत्र सांभाळणाऱ्यावर आहे.